छपरावरून ऐकलेला अर्धा तास

आमच्या संसारातलं निम्मं बोलणं छप्पर आणि खोली यांच्यामध्ये झालं. मी वर, अँटिनाचा पाइप दोन्ही हातांनी धरून उभी. आमचे हे खाली, टीव्हीसमोर मांडी घालून. मी वरून विचारायची, "आलं काय?" खालून उत्तर यायचं, "आलं... आलं... थांब, गेलं." मग मी पाइप थोडा मागं फिरवायची. तोवर अंगणात शेजारपाजारचे लोक जमलेले असायचे आणि त्यातला प्रत्येक जण मला हातानं दिशा दाखवायचा. प्रत्येकाची दिशा वेगळी.

नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई चुकून वर चढली. खरं कारण असं की आमच्या यशवंतरावांना उंचीची भीती. स्टुलावर चढून पंखा पुसायचा म्हटलं तरी त्यांचे पाय लटलट कापायचे. मात्र उघडा टीव्ही समोर ठेवला की तोच माणूस बारीकशी तार अशी अलगद जोडायचा की बघत राहावं. माझं उलट. छपराची सवय मला लहानपणापासूनची. माझे वडील आमच्या वस्तीतल्या विहाराचा लाउडस्पीकर सांभाळायचे, आणि भोंगा बांधायला, वायर ओढायला मीच वर जायची. पुढं यवतमाळला आयटीआयत शिकले, तिथंच यांची ओळख झाली, लग्न झालं आणि घाटंजीत आम्ही दुकान टाकलं. पाटीवर नाव यांचं. लोक म्हणायचे 'अँटिनावाल्या बाईचं दुकान'. यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कोणी रस्त्यात पत्ता विचारला तर तेही तेच सांगायचे.

हे काम बाहेरच्या माणसाला फार सोपं वाटतं. एक पाइप, त्यावर आडव्या दांड्या, खाली वायर, झालं. आमच्या भागासाठीचं प्रक्षेपण टेकडीवरच्या एका उंच मनोऱ्यावरून व्हायचं. मनोऱ्यावरून निघालेली लहर सरळ चालते. मध्ये डोंगर आला तर ती वळसा घालून येत नाही. आणि आमचा जिल्हा म्हणजे सगळा चढ-उतार. माथ्यावरच्या गावात काडी उभी केली तरी चित्र यायचं, दरीतल्या गावात झाडाएवढा पाइप लावूनही पडद्यावर नुसत्या मुंग्या. घर दुरून पाहिलं की इथं दमणूक होणार की चहा पिऊन परत जाता येणार, हे कळायला लागलं होतं.

माणसांचा मात्र अंदाज कधीच आला नाही. घाटंजीत कापसाचे दोन व्यापारी होते, सख्खे भाऊ, समोरासमोर घरं, बोलणं बंद. थोरल्यानं अँटिना लावला की धाकटा मला बोलवायचा, "ताई, आपला त्याच्याहून वर गेला पाह्यजे." मी सांगायची, भाऊ, तुमचं चित्र चांगलं येतंय, उंची कशाला? "चित्राचं कोण बोलून राह्यलं?" असे पाइपाला पाइप जोडत दोघं वर गेले. एका उन्हाळ्यात वादळ आलं आणि दोन्ही पाइप वाकून गल्लीच्या मधोमध एकमेकांत अडकले. ते सोडवायला मी शिडीवर, आणि खाली दोघे भाऊ एकच शिडी धरून उभे. त्या दिवशी ते एकमेकांशी बोलले. काय बोलले म्हणाल तर, "नीट धर ना बे."

एका मावशीनं अँटिनाच्या दांड्यांवर शेवया वाळत घातल्या होत्या आणि मुंग्या काहून येऊन राह्यल्या म्हणून मला बोलावणं पाठवलं होतं. वांदरांचं तर विचारूच नका. अँटिना ही त्यांच्या झोक्यासाठी आम्ही केलेली सोय आहे, अशी त्यांची समजूत होती.

मग डिजिटल आलं.

जुनं प्रक्षेपण बंद होऊन मनोऱ्यावरून नवं सुरू झालं, तेव्हा आम्ही दोघं खूश होतो. तोच अँटिना, फक्त टीव्हीशेजारी एक लहान डबा बसवायचा. चित्र काचेसारखं स्वच्छ, वाहिन्याही जास्त. पहिल्यांदा लावला तेव्हा हे बराच वेळ नुसते बघत बसले. बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातले डूल दिसत होते. "इतके वर्षं या बाईले डूल होते अन् आपल्याले मालूम नव्हतं," म्हणाले.

पण या नव्या तऱ्हेत एक मोठा फरक होता, आणि तो गिऱ्हाइकांना समजावता समजावता माझा घसा बसायचा. जुन्या तऱ्हेत लहर कमी पडली तर चित्र खराब व्हायचं, मुंग्या यायच्या, माणसाचा चेहरा ओळखू येईनासा व्हायचा. आवाज मात्र तग धरून असायचा. नव्या तऱ्हेत चित्र आणि आवाज एकाच पिठात मळलेले असतात. डब्याला पुरेशी लहर मिळाली तर दोन्ही झकास. थोडी कमी पडली तर चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो. आणखी जरा कमी पडली की काहीच नाही. निळा पडदा. म्हणजे ज्या घरी पूर्वी खराब का होईना पण काहीतरी यायचं, तिथं आता शून्य.

अशाच शून्य झालेल्या घरातून गफूरचाचा आमच्या दुकानात आले.

घाटंजीहून आर्णीकडं जाताना एका फाट्यावरून आत उतरलं की उमरदरा नावाचं गाव लागतं. नावाप्रमाणं दरीतच आहे, तिन्ही बाजूंनी डोंगर. गफूरचाचा तिथले. सारी नोकरी एसटीचे ड्रायव्हर म्हणून केली, दिग्रस, पुसद, उमरखेड, ढाणकी, सगळे रस्ते त्यांच्या हाताखालचे. निवृत्तीनंतर काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. हमीदाचाची त्यांचा हात धरून आल्या होत्या. त्यांच्या घरी अँटिना मीच कधीकाळी बसवला होता. तेव्हाही चित्र धड येत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं होतं.

चाचा काउंटरला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "बेटी, डबा बसवला गावातल्या एका पोरानं, पण टीव्ही मुका झाला. मले चित्र नको. चित्राचं मी काय करू? आवाज तेवढा दे."

मी यांच्याकडं पाहिलं. मग मी चाचांना ते पिठाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे जे मले दिसत नाही, त्याच्यामुळं जे मले ऐकू येते थे बी गेलं?"

"हो चाचा."

"हे काही बरोबर नाही केलं," ते म्हणाले. रागानं नाही, एखाद्यानं चुकीच्या जागी थांबा केल्यावर ड्रायव्हर बोलेल तसं.

चाचांना काय ऐकायचं असायचं, ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. संध्याकाळी आमच्या टीव्ही केंद्रावरून फक्त आपल्या भागापुरता अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. तो डिशवर यायचा नाही, मनोऱ्यावरूनच यायचा. त्यात कोणी ढाणकीचा शेतकरी हळदीबद्दल सांगायचा, कोणी बचत गटाच्या बाया बोलायच्या, कोणी शाळेतली पोरं गाणी म्हणायची. चाचा ते डोळे मिटून ऐकायचे. हमीदाचाची सांगत होत्या, "आवाज ओळखत. म्हणत, ही बाई आर्णीची, आपल्या गाडीत कोंबड्या घेऊन चढायची. हा बुवा पुसदच्या गाडीत रोज खिडकीसाठी भांडायचा. सारा जिल्हा घरी बसून फिरून यायचे. टीव्ही बंद झाला तसे खोलीतून बाहेर निघत नाहीत. मी बोलली तर हूं म्हणतात."

मी पाइप वाढवून पाहिला. बूस्टर लावला. बूस्टर म्हणजे मिळालेली लहर मोठी करणारी डबी, पण मिळालीच नाही तर ती मोठं काय करणार? मिळालेली लहर दाखवणारी डब्याची एक पट्टी टीव्हीच्या पडद्यावर दिसते, ती तळाला पडूनच राहिली. दिवस मावळतीला गेला तेव्हा मी खाली उतरले आणि चाचांना म्हणाले, "नाही होत चाचा. डोंगर आडवा आहे."

"डोंगर तर पहिलेपासून आहे," चाचा म्हणाले. "जाऊ दे बेटी. चहा पिऊन जा."

हमीदाचाची मला फाट्याच्या वाटेपर्यंत सोडायला आल्या. घर मागं पडल्यावर थांबल्या. म्हणाल्या, "बाई, एक गोष्ट सांगू? यांले मालूम नाही. येत्या गुरुवारी त्या कार्यक्रमात आमची रेहाना येऊन राह्यली."

रेहाना ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती लहान असताना मी तिला पाहिलं होतं. मी अँटिना बसवत होते तेव्हा शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून 'मी बी येऊ का वर' म्हणत होती. ती आता दिग्रसला एसटीची ड्रायव्हर झाली होती. वाहिनीची माणसं येऊन तिची मुलाखत घेऊन गेली होती.

"मग चाचांना सांगत काहून नाही?" मी विचारलं.

चाचींनी पदरानं तोंड पुसलं. "त्यांनीच तर घरी यायचं बंद केलं तिचं. ट्रेनिंगले जातो म्हणली तेव्हा म्हणाले, या धंद्यात मी काय काय भोगलं मले मालूम आहे. गाडी बंद पडली की लोकायच्या शिव्या ड्रायव्हरले. मुक्कामाच्या गावी टपावर झोपायचं. बाईनं कुठी जायचं? ती म्हणली, अब्बा, जाईन मी. हे म्हणाले, बस चालवायची असंन तर या घराची पायरी चढू नको. तिनं बी मनावर घेतलं. त्यांचीच पोरगी ना. वर्षाच्या वर झालं. माझ्याशी फोनवर बोलते, पण गावात रेंज नाही, मी टाकीवर चढून बोलते. एकदा तिचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणला अन् यांच्या कानाशी धरला. उठून गेले."

"मग टीव्हीवर तरी ऐकतील काय?"

"टीव्ही सगळ्यायसाठी बोलते बाई," चाची म्हणाल्या. "कानाशी धरलेल्या फोनले हो नाहीतर नाही म्हणा लागते. टीव्हीसमोर माणूस नुसता बसून राहू शकते."

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या ऐवजी त्यांनी पिशवीत डबा, लहान टीव्ही, पाना आणि वायरचं भेंडोळं भरलं. "काल खाली कोण होतं पट्टी पाहाले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चाची होत्या. "चाचीले काय समजते पट्टीतलं. चल, मी बसतो खाली."

चाचांचं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. मागच्या भिंतीलगत लाकडाचा खांब गाडून त्याला पाइप बांधलेला. मी भिंतीला शिडी लावून वर, हे आत. दुपारपर्यंत आम्ही सगळं करून पाहिलं. अँटिना मनोऱ्याच्या दिशेला, म्हणजे बरोबर समोरच्या डोंगराच्या पोटात तोंड करून उभा होता. त्याला डावीकडं, उजवीकडं, वर, खाली. आतून एकच उत्तर, "नाही." शेवटी तर हे नाही म्हणायचेही थांबले.

उन्हं तापली होती. मी ठरवलं, सोडून द्यावं. पाइप उतरवायचा म्हणून तो खांबाला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा नट ढिला केला. वरचं वजन एका अंगाला होतं, त्यामुळं अँटिना गर्रकन फिरला आणि मनोऱ्याकडं पाठ करून मागच्या डोंगराकडं तोंड करून थांबला. मागचा डोंगर म्हणजे जुनी दगडाची खाण, अर्धा कापलेला, उघडा काळा कातळ.

आतून आवाज आला, "काय केलं?"

"काही नाही. उतरवून राह्यली."

"हात लावू नको. आलं."

मला वाटलं, थट्टा करतायत. तेवढ्यात कवेलूंच्या फटीतून एका माणसाचा आवाज वर आला. तो कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल सांगत होता. समोरच्या डोंगराच्या माथ्यावरून निसटलेली लहर मागच्या कातळावर आपटून परत येत होती. आपण सावलीत बसलो तरी समोरच्या चुन्याच्या भिंतीवरचा उजेड अंगावर येतो, तसं. जुन्या तऱ्हेत अशी परतलेली लहर नकोशी असायची, चित्राशेजारी भुतासारखं दुसरं चित्र उभं करायची. नव्या डब्याला ती चालते. इतकी वर्षं आम्ही मनोऱ्याकडं तोंड करायचं एवढंच धरून बसलो होतो.

मी खाली आले तेव्हा चाचा टीव्हीसमोर बाजेवर बसले होते आणि बोंडअळी ऐकत होते. ते म्हणाले, "हा माणूस उमरखेडकडला. बोलतो कसा पाह्य, गाडीच्या मागं पळून राह्यल्यासारखा." हमीदाचाची दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि ओठावर बोट ठेवलं. गुरुवारचं चाचांना सांगायचं नव्हतं.

गुरुवारी आम्ही दोघं पुन्हा गेलो. काम झालेलं होतं, जायची गरज नव्हती, पण राहवेना. गेलो ते बरं झालं. फाट्यावरून उतरताना चाची वाटेतच भेटल्या, धापा टाकत आमच्याकडंच यायला निघालेल्या. दुपारी वांदरांची टोळी आली होती. एक मोठा हुप्प्या अँटिनावर बसला, आणि क्लॅम्प तुटून पाइप कलंडला होता.

तसा क्लॅम्प आमच्याजवळ नव्हता. घाटंजीला जाऊन यायला वेळ नव्हता. दोरीनं बांधून पाहिला, पण त्या कातळावरून येणारी लहर म्हणजे एवढीशी. पाइप जरा हलला की आत चौकोन सुरू. वारा सुटलेला. हे म्हणाले, "दोरीनं नाही जमत."

"मग मी धरते," मी म्हटलं.

"अर्धा तास?"

"तुम्ही धरता का?"

हे आत जाऊन बसले.

मी शिडीच्या वरच्या पायरीवर, छाती कवेलूंच्या कडेला टेकवून, पाइप मिठीत धरून उभी राहिले. आतून यांनी सांगितलं, "आलं. आता अशीच राह्य." मग मी हललेच नाही. त्यामुळं जे झालं ते मी पाहिलेलं नाही. ऐकलेलं आहे.

आधी कुठल्याशा शाळेचा बगिचा झाला. मग निवेदिका म्हणाली, आता आपण दिग्रसच्या बसस्थानकावर आहोत आणि भेटणार आहोत बस चालवणाऱ्या रेहाना शेख यांना. घरात बाज करकरली. मला वाटलं, चाचा उठले. मी पाइप आणखी घट्ट धरला. पावलं काही वाजली नाहीत.

रेहानाचा आवाज आला. लहानपणीचा नव्हता, भारदस्त झाला होता. ती शाळेतल्या मुलीसारखी पाठ केलेलं बोलत होती, सुरुवातीला. नाव, गाव, शिक्षण. मग निवेदिकेनं विचारलं, भीती नाही वाटत का? ती म्हणाली, "पहिल्या दिवशी वाटली. स्टँडवरून गाडी काढताना एक बुवा उतरून गेला. म्हणे, बाई चालवत असंन तर मी मागच्या गाडीनं येतो. दुसऱ्या दिवशी मागची गाडी आलीच नाही, तेव्हा माझ्याच गाडीत बसला. आता रोज बसतो."

खाली चाची हसल्या.

मग तिला गाडी चालवताना दाखवत असावेत, कारण इंजिनचा आवाज सुरू झाला. घाटाचा रस्ता असणार, इंजिन कण्हत होतं. आणि तेव्हा चाचा बोलले. हळू, स्वतःशी. "थर्डवर हाय. आता चढ येईन. टाक सेकंड." टीव्हीतलं इंजिन तसंच ओढत राहिलं. "टाक ना. ओढून राह्यली ते गाडी." मग गिअर पडल्याचा आवाज आला आणि इंजिन मोकळं झालं. चाचा म्हणाले, "उशिरा टाकला. पण टाकला."

निवेदिका विचारत होती, घरी कोणी शिकवलं का? इंजिनच्या आवाजात रेहाना म्हणाली, "शिकवलं नाही कोणी. मी लहान असताना अब्बा मले केबिनमध्ये बसवून न्यायचे, दिग्रसपर्यंत. मी त्यायच्या पायाकडं पाहत राहायची, कोणता पाय कधी दाबते. रस्त्याकडं मी पाह्यलंच नाही कधी. तसं शिकली."

"आता वडील काय म्हणतात?"

"त्यायचे डोळे गेले," रेहाना म्हणाली. "त्यायनं मले या कपड्यात पाह्यलं नाही."

एवढंच. तिनं भांडणाचं काही सांगितलं नाही. कार्यक्रम दुसऱ्या विषयाकडं गेला, कोणी मधमाश्यांबद्दल बोलायला लागलं. आत कोणी टीव्ही बंद करेना. माझे हात भरून आले होते, खांद्यात कळ येत होती, पण यांनी 'उतर' म्हटलं नव्हतं, म्हणून मी मधमाश्यांसाठीही पाइप धरून उभी होते.

मग चाचांचा आवाज आला. "कपडे कसे हाय गं तिचे?"

चाची सांगू लागल्या. खाकी शर्ट, खाकी पँट. वर ओढणी नाही, केस मागं घट्ट बांधलेले. छातीवर नावाची पट्टी. हात स्टेअरिंगवर असे. चाची प्रत्येक गोष्ट सांगायच्या आणि चाचा विचारायचे, "अन्?" त्या आणखी काही शोधून सांगायच्या. "अन्?" मला वाटतं शेवटी शेवटी त्या न दिसलेलंही सांगत होत्या.

हे बाहेर आले आणि शिडीच्या पायथ्याशी उभे राहिले. वर बघताना एरवी त्यांना गरगरायचं. त्या दिवशी वर बघून म्हणाले, "रत्ना, उतर आता. झालं." त्यांचे डोळे लाल होते.

पुढच्या आठवड्यात मी नवा क्लॅम्प बसवून आले, आणि अँटिनाच्या दांड्यांना बाभळीच्या काट्यांच्या फांद्या बांधल्या. वांदरांनी त्या दोन दिवसांत सोडून टाकल्या असं नंतर कळलं. चाचा नेहमीसारखे बाजेवर होते. रेहानाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मला वाटलं, संपलं असेल तिथंच. छपरावर चढणाऱ्या माणसाला घरातलं थोडंच ऐकू येतं. बाकीचं आपण आपल्या मनानं जोडतो आणि बरेचदा चुकतं.

आता आमचं काम फारसं उरलेलं नाही. तरणी पोरं सगळं मोबाइलवर बघतात. अँटिना लावा म्हणून महिनामहिना कोणी येत नाही. हे दुकानात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात, आणि मी गुडघ्यांच्या कुरबुरीमुळं शिडी चढत नाही. कोणाच्या छपरावर गंजलेला पाइप दिसला की तो मी लावलेला की दुसऱ्या कोणी, हे मी अजून ओळखते. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. इतक्या घरांच्या छपरांवर मी उभी राहिले, पण खाली बसून त्यांच्याबरोबर अख्खा कार्यक्रम बघितला असं क्वचितच झालं. काम झालं की पिशवी उचलायची आणि निघायचं.

गेल्या हिवाळ्यात मला आर्णीला बहिणीकडं जायचं होतं. घाटंजीच्या स्टँडवर आर्णीवरून जाणारी दिग्रसची गाडी लागली होती. चढले, पुढं जागा मिळाली, आणि पाहते तर ड्रायव्हरच्या सीटवर रेहाना. तिनं मला ओळखलं. "मावशी, तुमी छपरावर होत्या म्हणे त्या दिवशी," एवढं म्हणून तिनं गाडी काढली.

उमरदऱ्याच्या फाट्यावर गाडी थांबली. तिथं गफूरचाचा उभे होते. धुतलेला पायजमा, डोक्यावर टोपी, हातात काठी. शेजारी हमीदाचाची, पण त्यांच्याजवळ पिशवी नव्हती, म्हणजे त्या येणार नव्हत्या. रेहाना सीटवरून उठायला लागली.

"अब्बा, पायरी उंच हाय."

"एसटीची पायरी किती उंच असते थे मले नको सांगू," चाचा म्हणाले आणि दांडा बरोबर पकडून वर आले. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट एका माणसानं त्यांना करून दिली. ते बसले, काठी गुडघ्यांत धरली.

कंडक्टर आला. "चाचा, कुठचं देऊ?"

"कुठवर जाते ही?"

"दिग्रस."

"मग दिग्रसचं दे."

कंडक्टर ओळखीच्या सुरात बोलला, "दिग्रसले कोणाकडं चालले?"

चाचांनी इंजिनच्या दिशेला कान केला होता. "कोणाकडंच नाही," ते म्हणाले. "याच गाडीनं परत येईन."